सामायिक आरोग्यदृष्टी

गावाचा किंवा वस्तीचा आरोग्य आराखडा करण्याआधी तिथल्या लोकांनी एकत्र बसून दोन गोष्टी ठरवणे, याला सामायिक आरोग्यदृष्टी ठरवणे म्हणतात. निरोगी गाव आपल्या मते कसे असेल, ही पहिली गोष्ट. तिथवर पोचताना कोणत्या बाबतीत तडजोड करायची नाही, ही दुसरी. पहिलीला दृष्टी म्हणतात, दुसरीला मूल्ये. अल्मा-आता शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या १९७८ च्या जाहीरनाम्याने आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असे नोंदवले. जगभरच्या आरोग्य खात्यांच्या कागदपत्रांत ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला मात्र तिचा प्रत्यक्ष प्रयोग त्याआधी आठ वर्षे सुरू झालेला होता.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर होते आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले होते. गावोगावी विचारपूस केली तेव्हा लोकांच्या यादीत औषधोपचार फार खाली होता. वर होते पाणी आणि धान्य. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. डॉक्टरांचा क्रम आणि गावाचा क्रम यांत इतकी तफावत असताना डॉक्टरांनी आपला आराखडा पुढे रेटला असता, तर लोकांनी तो ऐकून घेतला असता आणि विसरूनही गेले असते. आरोळे दांपत्याने गावाचा क्रम स्वीकारला आणि आधी पाण्याचे काम हाती घेतले.

मूल्यांची खरी कसोटी त्या पाण्यावरच लागली. दलितांना सवर्णांच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते. प्रकल्पाने हातपंपाच्या विंधणविहिरी शक्य तिथे दलित वस्तीत घेतल्या. मग पाण्यासाठी बाकीच्या गावाला त्या वस्तीत यावे लागले. समतेचा ठराव सभेत मांडला असता तर तो बहुधा मंजूर झाला असता आणि तिथेच थांबला असता. हातपंपाची जागा मात्र रोज सकाळी घागर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी सांगत राहिली. आरोग्य नियोजनात मूल्य कुठे दिसते, असे कुणी विचारले तर याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

हे सगळे पहिल्याच झटक्यात जमले नाही. सुरुवातीला प्रकल्पाने प्रशिक्षित परिचारिका गावांत पाठवल्या. गावात एकटीने राहणे त्यांना जड गेले, आणि बायकाही परक्या मुलीपाशी मन मोकळे करीनात. त्यातून गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, हा मार्ग निघाला. या ग्राम आरोग्यसेविकांपैकी बऱ्याच जणी निरक्षर होत्या आणि अनेक दलित समाजातल्या होत्या. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला नियमित येत, आणि वेगवेगळ्या जातींच्या बायका एका पंगतीत जेवत. पंगत हाही प्रशिक्षणाचाच भाग होता, कारण जी बाई शेजारणीच्या हातचे पाणी पीत नाही ती तिचे बाळंतपण कशी करणार? पुरुषांची शेतकरी मंडळे आणि बायकांची महिला मंडळे याच काळात उभी राहिली. कामाचा क्रम, मुलांचा आहार, रोपलागवड, दारूचा प्रश्न यांवर तिथे चर्चा होई, वादही होत. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात तिसाच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तिथे दवाखाना कसा असावा, हे आदिवासींनाच विचारले गेले. मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती. रुग्णासोबत घरच्यांना राहता येत नाही, ही तक्रार होती. डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडेही नकोत, कारण पांढरे कापड प्रेतावर घालतात. त्यातून झोपड्यांच्या गावासारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. पुढे आदिवासी आरोग्य संसदेत गावांचे प्रतिनिधी एकत्र बसून आपले प्रश्न मांडू लागले आणि मलेरियाला त्यांनी अग्रक्रम दिला. डॉ. अभय बंग यासाठी ‘आरोग्य-स्वराज्य’ हा शब्द वापरतात. सामायिक दृष्टीसाठी मराठीत याहून नेमका शब्द नाही, कारण ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हा मूळ प्रश्न त्या शब्दातच आला आहे.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने या विचाराला सरकारी चौकट दिली. गावपातळीवर आरोग्य समिती आली आणि तिच्या हाती वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणारा, निधी आला. पण समिती कागदावर आणि पैसे दोन सह्यांवर, असे झाले की दृष्टी ठरवायला कुणी बसतच नाही. निधी कशावर खर्चायचा, हा प्रश्न ग्रामसभेत मोठ्याने विचारला जातो का, यावरून समितीची प्रकृती कळते. महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. डॉक्टर हजर असतो का, औषध बाहेरून आणायला लावतात का, गावातल्या खालच्या वस्तीपर्यंत नर्स पोचते का, हे लोक स्वतः तपासू लागले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडू लागले. गावाच्या प्रगतिपत्रकात प्रत्येक सेवेपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरला जातो. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो लांबून वाचता येतो.