अपडेटनंतर कॉम्प्युटर का रखडतो?

मे महिन्यातली दुपार. नागपुरात पारा ४५ च्या वर, खिडकीतला कूलर फुल स्पीडवर. शेजारच्या काकूंनी लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. "पाय बरं, काल रात्री अपडेट झालं अन् आता साधी फाइल उघडून नाही राहिली."

कॉम्प्युटरचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर २० टक्क्यांच्या आसपास, डिस्क मात्र १०० वर आणि तिथून हलायचं नाव नाही. कान जवळ नेला तर आतून बारीक करकर ऐकू येत होती.

मशीन रीस्टार्ट झालं की अपडेट संपलं, असं आपण धरून चालतो. बरीच कामं तेव्हाच सुरू होतात. बदललेल्या फायलींची शोधासाठीची यादी पुन्हा लावायची, अँटिव्हायरसने नव्या फायली तपासायच्या, काही प्रोग्रॅमचे भाग या प्रोसेसरसाठी नव्याने तयार करायचे. या सगळ्यांना एकाच वेळी डिस्क हवी असते, आणि त्याच रांगेत काकूंची फाइलही उभी.

काकूंच्या लॅपटॉपमधली डिस्क जुन्या पद्धतीची, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. आधी माहिती वाचणारं हेड योग्य जागी सरकणार, मग हवा तो भाग त्याच्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबणार. माहिती विखुरलेली असली की सेकंदाला शंभर वेळाही वाचून होत नाही. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती ठेवणाऱ्या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच हजारोंच्या घरात जातं. म्हणून तेच अपडेट एकाला कळतही नाही आणि दुसऱ्याचा दिवस खातं.

त्यात आपला उन्हाळा. लॅपटॉपमधला पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. ती ४० अंशांची असेल तर प्रोसेसर लवकर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचे तर श्वासच कोंडतात.

काही अपडेट मात्र खरोखरच थोडा वेग कायमचा घेतात. प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो. त्याच सवयीतून गुप्त माहिती झिरपू शकते, हे जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींमुळे जगापुढे आलं. ती फट बुजवताना वेग घटला, जुन्या प्रोसेसरवर जास्त.

"मग अपडेट बंदच करून टाकू का?" काकूंनी विचारलं. मी कळकळीने नाही म्हटलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं विंडोजचं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, तेच सापडले.

रात्री लॅपटॉप कूलरच्या खोलीत, कडक टेबलावर, चार्जर लावून आणि स्लीप बंद करून ठेवायला सांगितला. सकाळी डिस्क ४ टक्क्यांवर होती. तीन-चार दिवसांनीही ती १०० वरच राहिली असती, तर मी आधी ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, आणि मग डिस्कची तब्येत तपासली असती.