आग्वादुल्से: एकाच उन्हातलं मीठ आणि साखर

मीठ आणि साखर यांची गल्लत डबा उघडताना होते, तशीच ती बनतात कशी हे सांगतानाही होते. 'दोन्ही पाणी आटवूनच मिळतात' असं म्हणून लोक मोकळे होतात. पनामाच्या कोक्ले प्रांतातलं आग्वादुल्से हे छोटं शहर पाहिलं की हा समज किती अर्धवट आहे ते कळतं.

परिता आखाताजवळच्या या गावात मीठ आणि साखरेचं संग्रहालयच आहे. आपल्याकडे मिठागरं कोकणात आणि ऊस प्रामुख्याने देशावर. इथे दोन्ही एकाच परिसरात. कारण हा पनामाचा सर्वांत कोरडा पट्टा. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पाऊस फारसा नसतो. त्याच दिवसांत वाफ्यांत मीठ धरतं आणि उसाचा उतारा, म्हणजे त्यातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, वाढतो.

साम्य इथेच संपतं.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचं पाणी वाफ्यावाफ्यातून फिरवत आटवलं की आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतात. पाणी मूळच्या सुमारे दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरू लागतं. खरं कसब पुढे आहे. सगळंच आटू दिलं तर मॅग्नेशियमचे कडवट क्षारही मिठात येतात, म्हणून उरलेलं कडू पाणी वेळेवर सोडून द्यावं लागतं. काम उन्हाचं असलं तरी नजर माणसाचीच लागते.

उसाचा रस असा उन्हात पसरला तर आंबेल. उघड्या कढईत आटवला तर गूळ होतो. पनामात त्याला रास्पादुरा म्हणतात. पांढऱ्या दाण्यासाठी आग्वादुल्से परिसरातल्या सांता रोसासारखा कारखानाच हवा. तिथे चुना घालून रस निवळतात आणि निर्वात भांड्यात पाक करतात. दाब कमी असल्यामुळे तो कमी तापमानाला उकळतो, करपत नाही. मग यंत्रात गरगर फिरवून दाण्यांपासून मळी वेगळी काढतात. बॉयलरला जळण उसाच्याच चोथ्याचं.

शिवाय १०० ग्रॅम पाण्यात मीठ विरघळतं सुमारे ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यातही जेमतेम ३९. साखर साध्या पाण्यातच २०० ग्रॅमच्या आसपास विरघळते आणि तापवलं की कितीतरी जास्त. म्हणून गरम पाक थंड केला तरी साखरेचा दाणा पडतो. मिठासाठी पाणी उडूनच जावं लागतं.

अवकाळी सर आली तर वाफ्यातलं मीठ पुन्हा विरघळतं, पण झाकून ठेवलेला ढीग महिनोन्‌महिने टिकतो. तोडलेल्या उसाला तेवढी सवड नसते. त्यातली साखर पहिल्या दिवसापासूनच घटू लागते, म्हणून हंगामात गाळप रात्रीही चालू ठेवावं लागतं.