मकरंदभक्षी वटवाघळांची पुष्पओळख

मकरंद पिणारी वटवाघळे अंधारात फूल कसे हुडकतात, भोवतालच्या पानाफांद्यांतून ते वेगळे कसे ओळखतात आणि एकदा सापडलेली जागा कशी ध्यानात ठेवतात, हा प्राणिवर्तनशास्त्रातील अभ्यासविषय आहे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत मोह फुलला की फांद्यांवर रात्री चालणारी वटवाघळांची फडफड सर्वांच्या परिचयाची असते; मात्र या विषयातील बहुतेक महत्त्वाचे प्रयोग अमेरिका खंडातील वटवाघळांवर झालेले आहेत आणि त्यांची रीत आपल्याकडील वटवाघळांहून मुळातच निराळी आहे.

मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळणारे, सुमारे १० ग्रॅम वजनाचे ग्लॉसोफागा सोरिसिना हे वटवाघूळ माणसाला ऐकू न येणारे आवाज काढते आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून समोरील वस्तूचा आकार जाणते. पानांच्या दाटीतून येणारा प्रतिध्वनी विस्कळीत असतो आणि वटवाघळाने दिशा जराशी बदलली तरी पालटतो. याउलट वाटीसारखी पोकळ पाकळी आवाज आला त्याच दिशेला ठळकपणे परत पाठवते. दागमार व ओटो फॉन हेल्वरसेन या संशोधकांनी १९९९ मध्ये म्यूक्यूना होल्टोनाय या वेलीवर हे दाखवून दिले. ही वेल विदर्भातील रानांत आढळणाऱ्या खाजकुहिलीच्याच प्रजातीतील आहे. तिचे फूल तयार झाले की वरची खोलगट पाकळी उभी राहते; ती काढून टाकली किंवा कापसाने भरली, तेव्हा वटवाघळांना त्या फुलांचा लाभ घेणे फारच क्वचित साधले. क्यूबातील मार्कग्राव्हिया एव्हेनिया या वेलीत फुलोऱ्यावरचे द्रोणासारखे पान हेच काम करते. २०११ मधील प्रयोगात अशा पानाच्या प्रतिकृतीमुळे अन्न शोधण्याचा वेळ निम्म्यावर आला.

ही ओळख केवळ जन्मजात नसते. शिकवलेली वटवाघळे पोकळ वस्तूंचे आकार एकमेकांपासून वेगळे ओळखतात आणि वस्तू लहान किंवा मोठी केली तरी तोच आकार ओळखू शकतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. प्रतिध्वनीची तीव्रता मापानुसार बदलत असूनही हे साधते, ही या विषयातील सर्वांत विलक्षण बाब म्हणावी लागेल. तरीही ओळखीच्या जागी परतताना ही वटवाघळे आकारापेक्षा ठिकाणावर अधिक विसंबतात: मकरंदाचे पात्र हलवले तर आधी जुन्याच जागी शोध घेतात, आणि तेथे ते नसल्यास इतर खुणांकडे वळतात. काही फुलांचा गंधकयुक्त वास मात्र त्यांना शिकवल्यावाचूनही खेचून घेतो.

विदर्भातील मोह आणि काटेसावर यांवर येणारी वटवाघळे फळभक्षी कुळातील आहेत. ती अमेरिकेतील वटवाघळांप्रमाणे कंठातून आवाज काढून वस्तू ओळखत नाहीत. मोठे डोळे आणि तीक्ष्ण घ्राणशक्ती हीच त्यांची मुख्य साधने होत. गुहांत राहणारे रूसेटस लेशनॉल्टाय हे याच कुळातील वटवाघूळ जिभेने टकटक करून काळोखात वाट काढते, परंतु हा आवाज अमेरिकेतील वटवाघळांच्या ध्वनीहून निराळा आहे. मोहाच्या बाबतीत अन्न केवळ मकरंद नसून फुलाचा मांसल, गोड पाकळीभागच असतो. आखूड नाकाचे फळवाघूळ तो ओढून खाते आणि त्या वेळी अंगाला लागलेले पराग पुढच्या फुलापर्यंत नेते. पहाटे टोपली घेऊन मोहफुले वेचणाऱ्यांच्या हाती येते ते याच फुलांचे गळून पडलेले पीक, आणि नंतर त्याच झाडाला धरणारी टोळी, म्हणजे मोहाचे फळ, या परागीभवनातून येते.