द्राक्षं सुटली, गोळी तीच

फेब्रुवारीत पिंपळगावहून आलेली द्राक्षाची पेटी घेऊन शेजारच्या आप्पांकडे गेलो, तर त्यांनी हातच लावला नाही. "बीपीच्या गोळ्यांवर द्राक्षं चालत नाहीत. ग्रुपवर आलंय." नाशकात राहून द्राक्षं सोडायची म्हणजे मालवणात राहून मासे सोडण्यासारखं.

मेसेज वाचल्यावर घोळ कळला. मूळ इशारा ग्रेपफ्रूटचा. ते द्राक्ष नव्हे, आपल्या पपनसाचं भाऊबंद आहे. कॅनडात डेव्हिड बेली मद्य आणि फेलोडिपिन नावाचं बीपीचं औषध एकत्र घेतल्यावर काय होतं ते तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि 1989 मध्ये उघड झालं की त्या रसानेच रक्तातलं औषध भलतं वाढतं. आतड्याच्या अस्तरात औषधं तोडणारं एक विकर असतं, ते हा रस निकामी करतो. पपनसावरही शंका घ्यायला जागा आहे. द्राक्षांवर नाही. कुणीतरी भाषांतर केलं, आणि पुढे ढकलणाऱ्यांनी फळ कुठलं तेसुद्धा पाहिलं नाही.

मला काळजी वाटली ती टेबलावरच्या दुसऱ्या पाकिटाची. डायझेपाम. पन्नाशीत झोप लागेना म्हणून सुरू झालेली गोळी. आप्पा आता 79 वर्षांचे, गोळी तीच, मात्रा तीच. "तीस वर्षं सोसलीय मला," म्हणाले. गोळी तीच आहे हो, पण ती गिळणारे आप्पा ते राहिलेले नाहीत.

1975 साली उल्रिख क्लॉट्झ आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांमध्ये डायझेपामचं अर्धायुष्य मोजलं, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ. विशीत सुमारे 20 तास. ऐंशीत सुमारे 90 तास. जितकी वर्षं वय, साधारण तितके तास! कुणीही म्हणेल, म्हातारपणी यकृत थकलं असणार. गंमत अशी, की यकृताचा औषध काढून टाकण्याचा वेग या मंडळींत फारसा बदललेलाच नव्हता.

मग औषध एवढं रेंगाळतं कशामुळे? 2015 च्या सिंहस्थातलं नाशिक आठवा. गर्दी बाहेर पडते ती नाक्यावरून, आणि नाक्याला दिसतात फक्त रस्त्यावर आलेले भाविक. पंचवटीतल्या धर्मशाळांत पथारी टाकून बसलेले त्याला दिसत नाहीत. धर्मशाळा दुप्पट केल्या, तर नाका तेवढाच चालू राहूनही शहर रिकामं व्हायला कितीतरी जास्त दिवस लागतील. रस्ता म्हणजे रक्त, नाका म्हणजे यकृत, आणि धर्मशाळा म्हणजे चरबी. डायझेपाम चरबीत सहज विरघळतं. तरुण पुरुषाच्या वजनात चरबी साधारण 18 ते 20 टक्के असते, साठीनंतर ती 36 टक्क्यांच्या वर जाऊ शकते. माणूस दिसायला वाळका असला तरी, कारण स्नायू झडलेले असतात.

सूत्रच हवं असेल तर: अर्धायुष्य = 0.693 × वितरणाचं आकारमान ÷ क्लिअरन्स. आकारमान म्हणजे औषधाला पसरायला मिळणारी जागा, आपल्या धर्मशाळा; क्लिअरन्स म्हणजे ते काढून टाकण्याचा वेग, आपला नाका. वरचा आकडा फुगला, खालचा तसाच राहिला. आता चाणाक्ष वाचक विचारेल, रोज गोळी घेतल्यावर रक्तातली सरासरी पातळी ठरते ती क्लिअरन्सवर, आकारमानावर नाही. मग बिघडलं कुठे? बरोबर आहे. पण गोळी नव्याने सुरू केल्यावर त्या पातळीला पोचायला चार-पाच अर्धायुष्यं लागतात. विशीतल्या माणसाला चारेक दिवस, आप्पांच्या वयाला अडीच आठवड्यांपर्यंत. पहिल्या आठवड्यात "काही त्रास नाही" असं वाटतं, तोल जातो तिसऱ्यात, आणि तेव्हा गोळीची आठवण कुणालाच होत नाही. बंद केल्यावरही ती तितक्याच सावकाश निघते. शिवाय म्हातारा मेंदू तेवढ्याच औषधाने जास्त गुंगतो, तो हिशेब या सूत्रात धरलेलाच नाही.

पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांचं नेमकं उलटं. वयानुसार शरीरातलं पाणी घटतं, त्यामुळे गंगापूर रोडकडच्या वायनरीत मुलाला न चढणारा पेला बापाला चढतो.

मूत्रपिंडांचा फसवा आकडाही सांगून टाकतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट गाळतात का, ते पाहायची रक्ततपासणी) 1 आलं की घरचे निर्धास्त होतात. 60 किलोच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1 असेल, तर कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या 1976 च्या सूत्राने तिशीत गाळण मिनिटाला सुमारे 92 मिलिलिटर येते, ऐंशीत 50. रिपोर्टवर मात्र दोघेही "नॉर्मल"!

आप्पांनी गोळी दुसऱ्याच दिवशी फेकून द्यायची तयारी दाखवली. ते त्याहून वाईट. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर फिटचे झटकेसुद्धा येऊ शकतात. त्यांच्या डॉक्टरांनी अर्धी, मग पाव, अशी महिनोन् महिने उतरवत नेली. पेटी मात्र त्याच संध्याकाळी आप्पांनी स्वतः फोडली.