पित्ताशय, पित्तनलिका आणि लठ्ठपणा : नावांचा जुना घोळ

वाशी-कोपरखैरणेतल्या सोनोग्राफी रिपोर्टवर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' ही ओळ आता सर्रास दिसते. त्याच कागदावर 'सीबीडी ५ मिमी' असेही असते. सीबीडी म्हटले की नवी मुंबईकराला बेलापूर आठवते. इथे ती 'कॉमन बाइल डक्ट', म्हणजे यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळी, पित्तनलिका. वजन वाढले की या नळीच्या कर्करोगाचा धोका वाढतो का?

पूर्वी हा प्रश्न क्वचितच विचारला जाई. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या नदीमाशांतून पोटात जाणारा यकृतकृमी, नळीतले खडे, नळीची जुनाट सूज ही कारणे पुढे होती. २००३ मध्ये सुमारे ९ लाख अमेरिकी प्रौढांच्या १६ वर्षांच्या पाहणीत लठ्ठपणाचा संबंध दिसला, पण पित्ताशयाशी.

घोळ इथेच आहे. आपल्या बोलण्यात पित्त म्हणजे जळजळ, अर्धशिशी, अंगावर उठलेल्या गांधी. पित्ताशय ही पिशवी आणि पित्तनलिका ही नळी, हा फरक घरात कुणी करत नाही. पण अभ्यासकांनीही तो नीट पाळला नाही, हे मला जास्त गंभीर वाटते. रोगनोंदणीच्या सांकेतिक क्रमांकांत पित्ताशय सी-२३, यकृताबाहेरची नळी सी-२४, तर यकृताच्या आतली नळी सी-२२ मध्ये, यकृताच्या कर्करोगाच्या घरात. डावी-उजवी नळी मिळते त्या फाट्यावरची गाठ कधी आतली धरली गेली, कधी बाहेरची.

२०१६ च्या आंतरराष्ट्रीय यादीत लठ्ठपणाशी जोडलेले १३ कर्करोग होते. त्यात पित्ताशय आहे, पित्तनलिका नाही. पुढच्याच वर्षीच्या मोठ्या आढाव्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ५ ने वाढला की 'पित्तमार्गा'च्या कर्करोगाचा धोका ५६ टक्क्यांनी वाढतो असे आले. पण त्यात पिशवी आणि नळी एकाच पोतडीत. हा आकडा एकट्या नळीला चिकटवणे चूक. यादीत नाव नाही म्हणून नळी सुटली असे मानणेही तितकेच चूक, कारण लठ्ठपणासोबत अनेकदा येणारे फॅटी लिव्हर (यकृतात साठलेली चरबी) असलेल्यांत, विशेषतः यकृताच्या आतल्या नळीचा, हा कर्करोग जास्त आढळल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसते.

आणि लठ्ठ कोण? २००९ मध्ये ठरलेल्या मापानुसार भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. १७० सेंटिमीटर उंचीचा, ७३ किलोचा माणूस पाश्चात्त्य मापाने जेमतेम जादा वजनाचा, आपल्या या मापाने लठ्ठ.