व्हिडिओ प्लेयरमधील ग्राफिक्स ड्रायव्हरचा दोष

व्हिडिओ लावल्यावर आवाज येतो पण खिडकी काळीच राहते, चित्रावर हिरवे पट्टे उमटतात किंवा पडदा क्षणभर विझून ‘डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता, पुन्हा सुरू झाला’ अशा अर्थाची सूचना येते. जुन्या संगणकांवरचे असे बिघाड ग्राफिक्स ड्रायव्हरच्या दोषात मोडतात. खानदेशात गिऱ्हाईक हीच तक्रार अहिराणीत सांगते, ‘आवाज येस, चित्र दिखत नही.’ दुरुस्ती करणाऱ्याला या वाक्यातच अर्धे निदान मिळते. आवाज येतो म्हणजे प्लेयर फाइल वाचतो आहे. घोडे अडले आहे ते चित्र पडद्यावर आणण्यापाशी.

दाबून साठवलेले चित्र उलगडणे आणि ते पडद्यावर मांडणे या दोन्ही कामांत प्लेयर ग्राफिक्स चिपची मदत घेतो. ड्रायव्हर नावाचे छोटे सॉफ्टवेअर हा त्यांच्यातला दुभाषा. व्हीएलसी प्लेयरच्या २०१८ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून चिपकडून उलगडण्याची सोय आपोआप चालू असते. त्यामुळे कालपर्यंत चालणारा संगणक प्लेयर अपडेट केल्यावर अडू शकतो, आणि दोष मात्र संगणकाच्या वयाला दिला जातो.

म्हणून पहिला उपाय प्लेयरमध्येच करावा. व्हीएलसीत टूल्समधून प्रेफरन्सेस उघडून इनपुट-कोडेक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करावे. तेवढ्याने न भागल्यास व्हिडिओ विभागातले आउटपुट ‘ऑटोमॅटिक’वरून डायरेक्टथ्रीडी ९ किंवा ओपनजीएलवर न्यावे. अगदीच अडले तर विंडोज जीडीआय निवडावे. त्यात चिपची मदत जवळपास लागत नाही. चित्र थोडे खडबडीत दिसते, पण दिसते. बदल सेव्ह करून प्लेयर बंद करून पुन्हा उघडावा.

यानंतर ड्रायव्हर पाहावा. डिव्हाइस मॅनेजर या विंडोजमधल्या सुट्या भागांच्या यादीत चिपच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसत असेल, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. इंटेलने जी४१ सारख्या जुन्या चिपसेटसाठी किंवा २०११ च्या एचडी ग्राफिक्स ३००० साठी विंडोज १० चा ड्रायव्हर स्वतः काढला नाही. अशा वेळी विंडोज अपडेटमधून मिळणारा किंवा विंडोज ७-८ साठीचा जुना ड्रायव्हर अनेकदा चालतो. आपले विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हे आधी पाहून त्याच जातीचा ड्रायव्हर घ्यावा. नवा ड्रायव्हर टाकल्यावर त्रास सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक’ करावे, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परतावे.

बाजारात मात्र थेट ‘फॉरमॅट मारून देतो’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतो, असे सांगितले जाते. ही सवय घातक आहे. हळदीचे, लग्नाचे, श्रावणातल्या कानबाई देवीच्या गाण्यांचे व्हिडिओ अनेक घरांत डेस्कटॉपवरच पडलेले असतात आणि दुसरी प्रत कुठेच नसते. शिवाय फॉरमॅटनंतर नवे विंडोज टाकले की जुन्या चिपचा ड्रायव्हर सापडेलच असे नाही. म्हणजे आठवणी जातात आणि दोष तिथेच राहू शकतो.

खानदेशातला उन्हाळा या दोषाचे सोंग हुबेहूब घेतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या खोलीतल्या सीपीयूच्या, म्हणजे संगणकाच्या डब्याच्या आत हवा त्याहून तापलेली असते. विंडोज ग्राफिक्स चिपच्या उत्तरासाठी साधारण २ सेकंद थांबते. उत्तर आले नाही की ड्रायव्हर नव्याने सुरू करते. तापलेली चिप नेमकी इथे अडखळते, आणि सूचनेत नाव येते ते ड्रायव्हरचे. ओळखण्याची खूण सोपी आहे. व्हिडिओ लावताक्षणी बिघडला तर सेटिंग किंवा ड्रायव्हर तपासावा. सकाळी नीट चालून दुपारी अर्ध्या तासाने बिघडला तर आधी सीपीयू उघडावा. पंख्यात धूळ साचलेली असते, जिनिंग गिरणीजवळच्या वस्तीत कापसाचे तंतूही. वीज काढून ब्रशने सफाई, चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली असल्यास ती बदलणे आणि रॅमचे पाय खोडरबरने पुसणे, एवढ्यावरही पुष्कळ संगणक सुधारतात.

काही व्हिडिओंपुढे हे सारे उपाय थकतात. ड्रोनचे किंवा नव्या मोबाईलचे चित्रण एच.२६५ या दाबून साठवण्याच्या पद्धतीचे असू शकते. ही पद्धत २०१३ ची. त्याआधीच्या चिपमध्ये ते उलगडणारी यंत्रणाच नाही आणि कोणताही ड्रायव्हर ती आणू शकत नाही. अशी फाइल चांगल्या संगणकावर हँडब्रेक या सॉफ्टवेअरने एच.२६४ या जुन्या पद्धतीत, ७२० रेषांवर बदलून घ्यावी आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवावी.