डिफ लॉकने ट्रकची ताकद वाढत नाही

रावेर-सावद्याकडे केळी भरणाऱ्या ड्रायव्हरांकडून हमखास ऐकू येतं: डिफ लॉक (डिफरन्शियलचा लॉक, दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) टाकला की गाडीची ताकद वाढते, कन्नड घाटातही लावूनच ठेवावा. हे चूक आहे, आणि घाटात तर धोक्याचं.

डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंच्या चाकांना सारखाच जोर देतं. एक बाजू काळ्या मातीच्या चिखलात नुसतीच फिरू लागली, की तिला लागतो तेवढाच किरकोळ जोर पलीकडेही पोचतो आणि गाडी रुतते. लॉक दोन्ही बाजू एकत्र बांधतो. मग पकड असलेलं चाक गाडी ओढून काढतं. इंजिनचा जोर मात्र आहे तेवढाच राहतो. डांबरी वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. लॉक ते होऊ देत नाही: टायर घासतात, एक्सलवर ताण येतो, गाडी वळायचं सोडून सरळ रेटते.

चढावर जोर हवा असेल तर क्राउन-पिनियनचा रेशो बघा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला एक्सलकडे येणारा शाफ्ट किती फेरे घेतो ते. 4.11 ऐवजी 6.17 घेतला तर चाकावरचा जोर दीडपट. पण त्याच वेगाला इंजिनही दीडपट फिरतं, म्हणून सपाट हायवेवर धावणाऱ्या गाडीला तो घेऊ नका.

लॉक गाडी थांबवून, चाक फिरत नसताना टाका. शेतातून पक्क्या रस्त्यावर आलात की लगेच काढा.